घराचा हिशेब आणि हवेचा हिशेब
(रहिवाशांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाने मला आज हक्कांविषयी बोलावयास सांगितले आहे. वकिलाला हक्कांवर बोलण्यास सांगितले म्हणजे तो कलमांची जंत्री वाचू लागतो आणि श्रोते जांभया देऊ लागतात. तो मार्ग मी टाळणार आहे. मी एका वहीविषयी बोलणार आहे. ती वही आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात नाही, आणि ती नसल्यामुळे आपले किती नुकसान होते हे मी न्यायालयात उभे राहून स्वतः पाहिले आहे. हे भाषण छापील स्वरूपात ज्यांच्या घरी जाईल, त्या वाचकांनीही ते आपणांसच उद्देशून आहे असे समजावे.

प्रश्न असा आहे. एखादी सरकारी अगर निमसरकारी संस्था गोरगरिबांसाठी घरे बांधते. त्या घरांचा हवा, पाणी, वीज, कचरा आणि माणसाचे आरोग्य यांच्यावर वर्षानुवर्षे परिणाम होत असतो. तो परिणाम सुधारतो आहे की बिघडतो आहे, याचा हिशेब कोणी ठेवावयाचा आणि कसा ठेवावयाचा?

काही वर्षांपूर्वी एका पुनर्वसन वसाहतीतील रहिवासी माझ्याकडे आले होते. त्या वसाहतीचे अगर ती बांधणाऱ्या संस्थेचे नाव मी घेणार नाही, कारण जो दोष मला दाखवावयाचा आहे तो एका संस्थेपुरता मर्यादित नाही. खालच्या तीन मजल्यांच्या भिंतींना ओल होती. छतावर काळी बुरशी चढली होती. दिवसाढवळ्या दिवा लावल्यावाचून भाकरी थापता येत नव्हती. मुले सतत खोकत होती. तक्रार खरी होती याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती, म्हणून मी मोठ्या उमेदीने प्रकरण दाखल केले. प्रतिपक्षाच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, "ही ओल केव्हापासून आहे?" एक गृहस्थ म्हणाले, दोन वर्षांपासून. दुसरे म्हणाले, राहावयास आलो त्या दिवसापासून. एक भगिनी म्हणाल्या, मागच्या पावसाळ्यापासून. प्रतिपक्षाने मग एक कागद पुढे केला. ताबा देण्याच्या दिवशी इमारत समाधानकारक असल्याची ती नोंद होती. त्यावर तारीख होती, सही होती, शिक्का होता. आमच्याजवळ खोकणारी मुले होती. त्यांच्याजवळ तारीख असलेला कागद होता. शेवटी किरकोळ दुरुस्तीवर व रंगसफेदीवर आमची बोळवण झाली आणि पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा वर आली.

त्या अपयशात माझाही वाटा होता हे मी आपणांपुढे कबूल करतो. प्रकरण दाखल करण्यापूर्वी मी घरोघर जाऊन तारखा विचारावयास पाहिजे होत्या. दुःख खरे असले म्हणजे ते आपोआप सिद्ध होते, अशा भ्रमात मी राहिलो. तो भ्रम आपण बाळगू नये, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे आहे.

आता थोडा इतिहास पाहू. मुंबईत सार्वजनिक घरबांधणीचा जन्मच मुळी हवा-पाण्याच्या प्रश्नातून झाला. १८९६ साली शहरात प्लेग आला. दाट वस्तीत वारा व उजेड नाही, गटारे तुंबलेली आहेत, हे सरकारच्या ध्यानात आले आणि १८९८ साली कायदा करून इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नवे रस्ते काढून वस्तीत वारा खेळता करणे आणि गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे, ही त्याची कामे ठरली. याच ट्रस्टच्या परळ येथील चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. पुढे १९२० च्या सुमारास सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभारले आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. तळमजल्यासह चार मजले, दर मजल्यावर २० खोल्या, एका चाळीत ८० खोल्या, आणि एका कुटुंबाला १६० चौरस फूट जागा, असा त्यांचा हिशेब. १९४८ साली गृहनिर्माण मंडळ आले, १९७७ साली म्हाडा आली, १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना आली.

या सव्वाशे वर्षांच्या कारभाराकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक संस्थेने किती गाळे बांधले याचा हिशेब ठेवला. किती खर्च झाला याचा हिशेब ठेवला. किती भाडे थकले याचा तर फारच काटेकोर हिशेब ठेवला. परंतु ज्या उजेडासाठी आणि ज्या वाऱ्यासाठी हे सारे आरंभिले होते, तो उजेड आणि तो वारा पंचवीस वर्षांनी त्या घरात उरला आहे की नाही, याचा हिशेब नियमाने ठेवण्याची रीत पडली नाही. गाळे मोजले गेले; गाळ्यातला श्वास मोजला गेला नाही.

याचे परिणाम काय झाले ते गोवंडी-मानखुर्दकडे पाहिल्यास कळते. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहती. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि मुंबई आयआयटीचे अभ्यासक यांनी तेथील घरे तपासली व क्षयरोगाची नोंद घेतली. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की मधले अंतर सुमारे तीन मीटरच भरते. तेथे खालच्या मजल्यांवर उजेड व वारा पोहोचत नाही. क्षयरोग झालेली कुटुंबे या दोन वसाहतींत तिसरीपेक्षा पुष्कळच अधिक आढळली. २०१८ च्या सुमारास हे निष्कर्ष लोकांपुढे आले, म्हणजे लोक तेथे राहावयास जाऊन कित्येक वर्षे लोटल्यानंतर. इमारतींमधील अंतर काही एका रात्रीत कमी झाले नव्हते. ते नकाशावर पहिल्या दिवसापासून होते. कोणी वर्षाकाठी आजाराची नोंद त्या नकाशाशेजारी ठेवली असती, तर ही गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच डोळ्यांवर आली असती.

माहूलची हकीकत याच्या पुढची आहे. तेल शुद्धीकरणाचे कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्या शेजारी ७२ इमारती आणि १७ हजारांहून अधिक सदनिका प्रकल्पग्रस्तांसाठी उभ्या करण्यात आल्या. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडल्यानंतर २०१७ पासून तेथील कुटुंबांना माहूलला धाडण्यात आले. त्यांनी जाण्यास विरोध केला व ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, या लोकांना त्या हवेत राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरे घर देईपर्यंत सरकारने प्रत्येक कुटुंबास दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी.

हा निकाल कशाच्या बळावर मिळाला, हे नीट समजून घ्या. त्यांच्या हाती तारखा असलेले कागद होते. २०१३ साली केईएम रुग्णालयाने माहूल-आंबापाडा परिसराची पाहणी केली होती. तीत ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा श्वास कोंडत असल्याचे सांगितले होते. मूळ गावकरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे नमूद केले. म्हणजे पहा, गावकऱ्यांनी आपल्यासाठी जो पुरावा उभा केला, तो पुढे तेथे आणून टाकलेल्या परक्या कुटुंबांच्या कामी आला. नोंद ठेवणाऱ्याला ती पुढे कोणाला वाचवणार आहे हे ठाऊक नसते.

आता हा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने कसा ठेवतात ते पाहू. इंग्लंडात गरिबांना भाड्याने घरे देणाऱ्या हाउसिंग असोसिएशन नावाच्या संस्था आहेत. त्यांनी आपल्या कारभाराचा निसर्गावर व रहिवाशांवर होणारा परिणाम दरवर्षी जाहीर करावा, यासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे एक सामाईक पद्धत ठरविण्यात आली. तीत आरंभी ४८ कसोट्या होत्या. ती स्वेच्छेची पद्धत आहे, कायदा नव्हे. तरीपण तिच्यापासून आपणांस घेण्याजोगे चार नियम आहेत.

पहिला नियम पाया-वर्षाचा. ज्या वर्षी मोजणी आरंभिली ते वर्ष पक्के धरावयाचे आणि पुढील प्रत्येक वर्षाची तुलना त्याच्याशी करावयाची. संस्थेने सोयीप्रमाणे पाया-वर्ष बदलले, तर ते का बदलले हे तिने लिहून दिले पाहिजे.

दुसरा नियम दर घरामागे मोजण्याचा. समजा, एका इमारतीत पहिल्या वर्षी ६० कुटुंबे राहतात आणि जिना, पंप व लिफ्ट यांच्या सामाईक मीटरवर वर्षाला ४८,००० युनिट वीज जळते. दुसऱ्या वर्षी १०० कुटुंबे येतात आणि ६०,००० युनिट जळतात. वरवर पाहता खर्च वाढला. परंतु घरामागे पहिल्या वर्षी ८०० युनिट होते, दुसऱ्या वर्षी ६०० झाले. याच्या उलटही घडते. म्हणून एकूण आकडा आणि घरामागचा आकडा, दोन्ही मागावे. एकच आकडा दाखविणाऱ्याने दुसरा का झाकला, हे विचारावे.

तिसरा नियम, कोणाचा धूर कोणाच्या खात्यावर हे पाहण्याचा. संस्थेच्या स्वतःच्या गाड्या व बॉयलर यांचा धूर हा पहिला वर्ग. तिने विकत घेतलेली वीज हा दुसरा वर्ग. आणि रहिवाशांच्या घरात जळणारे इंधन, बांधकामाचे सिमेंट व लोखंड इत्यादी सर्व तिसऱ्या वर्गात. सर्वांत मोठा आकडा बहुधा या तिसऱ्या वर्गातच दडलेला असतो. एखादी संस्था आपल्या कचेरीतले दिवे बदलते, पहिल्या दोन वर्गांतली घट मोठ्या अक्षरांत छापते आणि ज्या हजारो घरांच्या भिंती तिनेच पातळ बांधल्या त्यांचा हिशेब बाहेर ठेवते. असा अहवाल खोटा नसतो, परंतु तो पुराही नसतो.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो उदाहरणाने सांगतो. विजेपासून होणारा कार्बन मोजताना युनिटांना एका गुणांकाने गुणतात. ब्रिटनमध्ये २०१४ साली एका युनिटमागे जवळजवळ अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड धरीत असत. कोळशाची वीज कमी होत गेली आणि २०२४ मध्ये तो आकडा पाव किलोच्याही खाली आला. आता समजा, एखाद्या संस्थेने दोन्ही वर्षी एक लाख युनिट वीज वापरली. पहिल्या वर्षी सुमारे ४९ टन, दुसऱ्या वर्षी सुमारे २१ टन. संस्थेने एकही दिवा बदलला नाही, तरी तिचा कार्बन निम्म्याहून खाली आला. श्रेय कोणाचे? वीज निर्माण करणाऱ्यांचे. म्हणून नियम असा की, कार्बनच्या आकड्याशेजारी मीटरचे युनिट नेहमी छापलेच पाहिजेत. जे प्रत्यक्ष मोजले ते आधी, जे गुणाकाराने काढले ते नंतर.

तथापि आकडे छापल्याने सर्व काही साधते असेही समजू नका. त्याच इंग्लंडात, रॉचडेल या गावी, एका हाउसिंग असोसिएशनच्या घरातील बुरशीमुळे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक बालक दगावले. त्याच्या वडिलांनी वारंवार तक्रार केली होती. त्या बालकाच्या नावाने ओळखला जाणारा अवाबचा कायदा पुढे २०२३ च्या अधिनियमातून आला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आहे. तातडीचा धोका असल्यास २४ तासांत उपाय, ओल व बुरशीचा गंभीर धोका असल्यास कामाच्या १० दिवसांत तपासणी, अशी मुदत आता घरमालक संस्थेवर बंधनकारक आहे. अहवालाने कळते, मुदतीने काम होते. आपणांस दोन्ही पाहिजेत.

आता कोणी विचारील, "वकीलसाहेब, हा कार्बन-फार्बन श्रीमंतांचा प्रश्न आहे. आम्ही एक पंखा आणि दोन दिवे वापरणारी माणसे. आम्ही कशाला हिशेब द्यावा?" प्रश्न रास्त आहे. आपण कमी वापरतो हेच तर सिद्ध झाले पाहिजे! आपल्या देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचा वर्षाचा आकडा ८४० किलो होतो. परंतु खोलीत उजेड नसल्यामुळे दिवसा जळणारा दिवा, वारा नसल्यामुळे चोवीस तास फिरणारा पंखा आणि चाळीतून उंच इमारतीत गेल्यावर लागणारी लिफ्ट व पंप, हे आपल्या चैनीचे फळ नाही. ज्याने नकाशा काढला त्याचे ते फळ आहे आणि त्याचे बिल मात्र आपण भरतो. वही ठेवल्याने आपल्यावर दोष येत नाही. दोष ज्याचा त्याच्या खात्यावर जातो.

दुसरा कोणी म्हणेल, "ज्यांनी घर दिले त्यांच्याशी भांडण कशाला?" या विचारात जुनी लाचारी लपलेली आहे, असे मी स्पष्ट सांगतो. घर हे कोणाच्या दयेचे दान नव्हे. शांतिस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण टोटामे या १९९० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राहण्यायोग्य निवारा आणि चांगले वातावरण यांचा समावेश जगण्याच्या हक्कात केला. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या १९९१ च्या निकालात प्रदूषणमुक्त पाणी व हवा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदात आहेत असे सांगितले. २०२४ साली तर हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांतून मान्य झाला. जो हक्क आहे त्याचा हिशेब मागणे याला भांडण म्हणत नाहीत.

मग वहीत काय लिहावे? फार नको. सहा रकाने पुरेत. पहिला, उजेड आणि वारा: दुपारी बारा वाजता दिव्यावाचून पुस्तक वाचता येते काय? खिडकी किती उघडते? निवासी इमारतींसाठी २०१८ साली काढलेल्या इको निवास संहितेत आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत घराच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक-षष्ठांश इतका उघडता येणारा भाग असावा असे माप दिले आहे. फूटपट्टी घेऊन आपण ते स्वतः पडताळू शकता. दुसरा रकाना ओलीचा: कोणत्या भिंतीवर, किती हात, कोणत्या तारखेस. तिसरा विजेचा: घरचे युनिट आणि सामाईक मीटरचे युनिट, दोन्ही बिलांवरून. चौथा पाण्याचा: किती तास आले, किती दिवस टँकर आला. पाचवा कचऱ्याचा व गटाराचा. सहावा आजाराचा: कोण, केव्हा, किती दिवस, दवाखान्याच्या कागदासह. आजाराची नोंद घरातच ठेवावी. सोसायटीला केवळ संख्या द्यावी, नावे देऊ नयेत. आजारी माणसाची अब्रू हाही हक्कच आहे.

आपल्या पुष्कळ घरांत दुधाचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिला जातो. तो लिहिणारी बहुधा घरातली माउली असते. महिनाअखेर दूधवाल्याशी वाद झाला तर तिचाच आकडा खरा ठरतो, कारण तिने तो रोजच्या रोज लिहिलेला असतो. मी आपणांकडून याहून अधिक काही मागत नाही. त्याच माउलीच्या हाती आणखी सहा रकाने द्या, आणि तिला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे.

या वहीत आपले दोषही लिहिले पाहिजेत. दोन इमारतींमधल्या बोळात वरून कचरा कोण टाकतो? डक्टमध्ये अडगळ कोण भरतो? पावसाचे पाणी जिरविण्याचा खड्डा बुजवून त्यावर मोटारसायकली कोण उभ्या करतो? ज्या वहीत फक्त दुसऱ्याचे अपराध असतात, ती वही न्यायाधीश उघडून लगेच मिटतात. जिच्यात स्वतःची चूकही तारखेसह लिहिलेली असते, तिच्यावर त्यांचा विश्वास बसतो.

ही आपली वही झाली. दुसरी वही संस्थेची, आणि ती उघडावयास लावण्याची किल्ली आपल्याजवळ आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मधील आहे. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तीही नाही. अर्ज एकाच विषयावर व १५० शब्दांच्या आत लिहावा. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील करावे. या कायद्याने कागदाच्या प्रतीच मिळतात असे नव्हे. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा अधिकारही त्यात आहे.

शिवाय २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामास अगोदर पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीत सांडपाणी, पावसाचे पाणी, कचरा, झाडे यांविषयी अटी घातलेल्या असतात, आणि अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून व १ डिसेंबर या तारखांना द्यावा लागतो. हे अहवाल सार्वजनिक कागद आहेत. आपल्या वसाहतीचे असे अहवाल पहिल्यापासून मागवा आणि एकाखाली एक ठेवून वाचा. सलग पाच अहवालांत एकच मजकूर अक्षरशः तसाच उतरविलेला दिसला, तर त्या वर्षांत कोणी जाऊन पाहिले नाही असा संशय घेण्यास भरपूर जागा आहे. मग आपली वही शेजारी ठेवा. एका अहवालात सांडपाण्याचे यंत्र चालू आहे आणि त्याच महिन्यात आपल्या वहीत गटार तुंबल्याच्या अकरा नोंदी आहेत, यापेक्षा बोलका पुरावा दुसरा कोणता?

आता मुदतीविषयी सावध करतो, कारण माझे प्रकरण तारखेवरच अडले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे वादाचा अर्ज करावयाचा असल्यास कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो; सबळ कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाईच्या अर्जास पाच वर्षे आहेत. "केव्हापासून?" हा प्रश्न म्हणूनच नुसता वकिली डावपेच नाही. कायद्याचा दरवाजा त्यावरच उघडतो अगर बंद होतो. मोबाइलवर काढलेले छायाचित्र पुराव्यात द्यावयाचे असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ छायाचित्र पुसू नका व तो फोन सांभाळून ठेवा.

बंधु-भगिनींनो, आज ही गोष्ट सांगण्यास एक विशेष कारण आहे. ज्या बी.डी.डी. चाळींत आपल्या तीन-चार पिढ्या वाढल्या, त्यांच्या जागी म्हाडा नव्या इमारती उभारीत आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ती ५०० चौरस फुटांत गेली. हा आनंद खरा आहे, आणि त्यात विष कालवावे असा माझा हेतू नाही. परंतु चार मजल्यांची चाळ जाऊन चाळीस मजल्यांची इमारत आली म्हणजे पाणी वर चढविण्याचा, लिफ्टचा, सांडपाण्याचा सारा हिशेब नव्याने सुरू होतो. १९२० च्या दशकात जे प्रथम त्या चाळींत राहावयास गेले, त्यांनी पहिल्या वर्षाची नोंद ठेवली नाही; त्यांना ते कोणी शिकविले नव्हते. आपणांस ती सबब उरलेली नाही.

ज्यांना नुकतीच किल्ली मिळाली आहे त्यांचे हे पाया-वर्ष आहे. ते पुन्हा येणार नाही. भिंत कोरडी असेल तर ती आज कोरडी आहे असे लिहा. उद्या ओल आली तर ती केव्हा आली हे सांगण्याचा पुरावा या कोरड्या भिंतीच्या नोंदीतच आहे. आणि जे वीस वर्षे जुन्या वसाहतीत आहेत, त्यांनीही उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नयेत. ज्या दिवशी पहिली तारीख लिहाल त्या दिवसापासून आपला हिशेब सुरू होतो.

माझी सूचना व्यवहाराची आहे. येत्या रविवारी प्रत्येक मजल्यावर एक वही आणा. दर मजल्यामागे दोन माणसे नेमा, त्यांपैकी एक स्त्री असावी. दर तीन महिन्यांनी वह्या एकत्र वाचा. दर वर्षी एक पान काढून त्याची प्रत संस्थेच्या कचेरीत द्या आणि पोच घ्या. पोच घेण्यास विसरू नका. ज्या कागदाला पोच नाही तो न्यायालयात गेलाच नाही असे समजा. पाच वर्षांनी जेव्हा कोणी कोट घातलेला गृहस्थ आपल्यापैकी एखाद्या भगिनीला विचारील, "बाई, ही ओल केव्हापासून आहे?" तेव्हा तिने इकडे तिकडे पाहू नये. तिने वही उघडावी आणि तारीख वाचून दाखवावी.

जयभीम.